हिट शून्य, तरी पोरगी घरी पोचली

परवा दुपारी एक फोन आला. आमच्या गल्लीतलीच मुलगी. लहानपणापासून बघितलेली. म्हणाली, "काका, तुमच्याकडे २०१६ च्या डिसेंबरमधली कात्रणं असतील का?"

मी म्हटलं, "असतील. काय हवंय?"

"आमच्या बेसबॉल टीमची बातमी. तुम्हीच लावली होती."

विषय असा, की पोरगी सरकारी भरतीत खेळाडूंच्या पाच टक्के कोट्यातून यादीत आली आहे. शाळेत असताना राज्यस्तरीय स्पर्धेत तिच्या संघाचा तिसरा क्रमांक आला होता, त्याचं प्रमाणपत्र तिच्याकडे आहे. पण पडताळणीत अडकली. मधल्या काळात या राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा एवढा सुळसुळाट झाला, की आता खऱ्या खेळाडूकडेही संशयानेच बघतात. त्यात खेळ बेसबॉल. समोरचा आधी हसतो, मग म्हणतो, "मूळ रेकॉर्ड आणा." शाळेतल्या कपाटाचं रेकॉर्ड वाळवीनं खाल्लं.

मी माळ्यावरून फाईल काढली. बातमी सापडली. तीन कॉलम, फोटोसह. आणि वाचून मला घाम फुटला.

बातमी सत्काराची होती. उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, व्यासपीठावर कोण कोण, प्रास्ताविक कोणी केलं, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोणी मानले. मान्यवरांची नावं मोजली, अकरा भरली. खेळाडू मुलींची नावं शून्य. "संघाने घवघवीत यश संपादन केले" या एका ओळीत सोळा पोरी बसवल्या होत्या. बसवणारा मीच. पत्रकारितेची पदविका घेतलेला, तेव्हा या धंद्यात तेरा वर्षं काढलेला.

मग आठवलं ते त्या संघाचे सर. आता निवृत्त होऊन मूर्तिजापूरला राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. पकडली. सरांनी काही न बोलता आतून एक लांब वही आणून समोर ठेवली. दोनशे पानी, कडा कुरतडलेल्या. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले चौकोन, प्रत्येक चौकोनात पतंगासारखी एक आकृती, आणि तिच्या कडांवर बारीक अक्षरात खुणा. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याचं पान निघालं. पोरीचं नाव होतं, तारीख होती, खाली पंचांची सही होती.

आम्ही ती वही घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं चष्मा वर करून पान वाचलं आणि विचारलं, "हिट शून्य लिहिलंय हिच्या नावापुढं. म्हणजे ही खेळलीच नाही ना? आणि रन एक कसा? बॉल मारला नाही तर घरी पोचली कशी?"

प्रश्न कुत्सित नव्हता. माणसाला खरंच कळत नव्हतं. लाजेची गोष्ट ही, की मलाही नीट सांगता आलं नाही. ही पोस्ट म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. लांब आहे, पण सवडीनं वाचा.

आधी खेळ थोडक्यात. पतंगाच्या आकाराचं मैदान, चार कोपरे. एका कोपऱ्यावर होम, तिथे बॅट घेऊन खेळाडू उभा. आपल्याकडची पोरं त्या बॅटीला स्लगर म्हणतात. समोरून पिचर बॉल टाकतो. बॅटर पहिल्या बेसवर जातो, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या आणि परत होमला. सुखरूप परत आला की एक रन. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. क्रिकेटच्या खेळपट्टीची बावीस यार्डं म्हणजे ६६ फूट, त्याहून थोडं जास्त. क्रिकेटमध्ये आपण धावतो आणि परत क्रीजमध्ये येऊन उभे राहतो. इथे एकदा निघालं की गोल फिरूनच घर. मधल्या प्रत्येक बेसवर पाय आहे तोवर तुम्ही सुरक्षित, पाय सुटला आणि बॉल अंगाला लावला की बाद.

आता लहानपणीची आबाधुबी आठवा. कापडी नाहीतर रबरी बॉल, आणि पळणाऱ्याच्या पाठीत सणसणीत. पाठीवर वळ उठायचा, घरी आईला दाखवायची सोय नाही. गंमत म्हणजे अमेरिकेतला जुना बेसबॉल थेट असाच होता. पळणाऱ्याला बाद करायचं तर बॉल फेकून त्याच्या अंगावर मारायचा. १८४५ साली न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनं नियम कागदावर उतरवले, तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं, की धावणाऱ्याच्या अंगावर बॉल फेकून मारायचा नाही. हातात बॉल घेऊन त्याला स्पर्श करा, नाहीतर तो बेसवर पोचायच्या आधी बॉल तिथे पोचवा.

एवढ्या एका कलमानं खेळ बदलला. अंगावर मारायचं नसल्यामुळे बॉल कडक करता आला. बॉल कडक झाला म्हणून तो लांब जाऊ लागला. लांब जाऊ लागला म्हणून मैदान मोठं झालं, बॉल अडवणाऱ्यांच्या जागा ठरल्या, फेकीला महत्त्व आलं. खेळ मारामारीतून शर्यतीत आला. बॉल आधी की माणूस आधी, एवढाच प्रश्न उरला. १८५७ मध्ये नऊ डाव, नऊ खेळाडू आणि ९० फूट हे आकडे पक्के झाले. ते आजही तसेच आहेत.

आता पहिल्या बेसवर सुखरूप पोचायचे रस्ते बघू. बाबूला मला हेच सांगायचं होतं.

पहिला रस्ता सगळ्यांना कळणारा. बॉल मारा आणि तो उचलून पहिल्या बेसवर येईपर्यंत तुम्ही तिथे पोचा. ही हिट.

दुसरा रस्ता चार बॉलचा. पिचरनं ठरलेल्या चौकटीबाहेर चार बॉल टाकले आणि तुम्ही एकाही बॉलच्या नादी लागला नाहीत, तर पहिला बेस तुमचा. चालत जायचं, कोणी बाद करू शकत नाही. यावरून एक जुनी आठवण. २००३ मध्ये मी नवा वार्ताहर होतो. संपादकांनी अकोल्याला शालेय स्पर्धेला पाठवलं. मी बातमीत लिहिलं, "चार चेंडू बाहेर गेल्याने खेळाडू फुकटात पहिल्या बेसवर पोचली." दुसऱ्या दिवशी याच सरांचा ऑफिसात फोन. "काहो पत्रकारसाहेब, फुकट म्हंजे काय? समोरून बॉल येऊन राह्यला, हातात स्लगर हाय, सारे पोट्टे मार मार म्हून वरडून राह्यले. तवा चार डाव हात आवराचा. तुम्ही करून दाखवा बरं!"

तेव्हा हसून सोडून दिलं. नंतर इतिहास वाचला तेव्हा कळलं, की सरांचं आणि माझं हे भांडण अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. सुरुवातीला बॉल चांगला की वाईट हे कोणी मोजतच नव्हतं. पिचर मुद्दाम बाहेर बाहेर टाकत राहायचा, बॅटर मनासारखा बॉल येईपर्यंत नुसता उभा. दोघंही हट्टी, आणि प्रेक्षक जांभया देतायत. मग पंचांना मोजायला लावलं. १८७९ साली नियम असा होता, की नऊ बॉल बाहेर गेले तर बॅटर पहिल्या बेसवर. नऊ! मग हळूहळू आकडा खाली आला आणि १८८९ मध्ये चारवर थांबला. मधेच १८८७ साली एक प्रयोग झाला. त्या एका हंगामात चार बॉलवर मिळालेला बेसही हिट म्हणून मोजला. सगळ्यांच्या सरासऱ्या फुगल्या, ओरड झाली, पुढच्या वर्षी नियम मागे घेतला. म्हणजे हात आवरणं ही कमाई आहे की फुकटचा माल, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

तिसरा रस्ता दुखरा. पिचरचा बॉल अंगावर लागला तर पहिला बेस मिळतो. हा नियम १८८० च्या दशकात आला. त्याआधी लागला तर लागला, अंग चोळा आणि परत उभे राहा. पिचर लोक मुद्दाम अंगावर टाकून बॅटरला घाबरवायचे. बेस द्यावा लागतो म्हटल्यावर थोडा धाक बसला.

चौथा रस्ता दुसऱ्याच्या चुकीचा. तुम्ही बॉल मारला, सरळ त्यांच्या हातात गेला, पण त्यानं सोडला किंवा भलतीकडे फेकला. तुम्ही पोचलात. पण वहीत हिट लिहीत नाहीत. तिथे समोरच्याच्या नावावर चूक लिहितात. तुम्ही बेसवर आहात, पण श्रेय तुमचं नाही.

पाचवा रस्ता दुसऱ्याच्या बळीचा. पहिल्या बेसवर तुमची मैत्रीण उभी आहे. तुम्ही बॉल मारलात, तर तिला जागा सोडून पळावंच लागतं, कारण एका बेसवर दोघी राहू शकत नाहीत. अडवणाऱ्यांनी बॉल दुसऱ्या बेसकडे टाकला, ती बाद झाली, आणि तेवढ्या वेळात तुम्ही पहिल्यावर पोचलात. हीही हिट नाही.

सहावा रस्ता सगळ्यात मजेदार. तीन वेळा फसलात म्हणजे बादच. पण तिसऱ्या वेळी कॅचरच्या हातून बॉल सुटला, तर पळा! पहिला बेस मोकळा असेल किंवा दोन गडी आधीच बाद असतील, तर आजही हा नियम लागू आहे. तो १८४५ च्या त्याच निकरबॉकर कागदातून आलेला. तेव्हा कल्पना अशी होती, की तिसरा बॉल कॅचरनं झेलला नाही तर तो मारलेल्या बॉलसारखाच जिवंत. बाकीचे कितीतरी नियम गेले, हा राहिला.

याशिवाय कॅचरची आडकाठी वगैरे बारीकसारीक आहेतच. शिवाय एकदा बेसवर पोचलं की पुढचा बेस चोरता येतो. हो, चोरीच म्हणतात. पिचरचं लक्ष चुकवून पळायचं.

आता सरांची वही. पोरीच्या नावापुढे तीन चौकोन. पहिल्यात चार बॉल, मग दुसऱ्या बेसची चोरी, मग मैत्रिणीच्या फटक्यावर तिसरा बेस, आणि कॅचरच्या हातून बॉल निसटला तेव्हा होम. दुसऱ्यात, बॉल कोपरावर लागला. तिसऱ्यात, दुसरीचा बळी जाऊन ही पहिल्यावर. तीन वेळा मैदानात उतरली, तिन्ही वेळा सुखरूप पोचली, एक रन आणला. हिट शून्य. सामना चार विरुद्ध तीन असा जिंकला. तो चौथा रन हिचाच.

जुन्या पद्धतीनं सरासरी काढली तर तीही शून्य. बेसवर पोचण्याचं प्रमाण काढलं तर तीनपैकी दोन, म्हणजे ०.६६७. बळी जाऊन मिळालेला बेस त्यात धरत नाहीत, म्हणून दोन. हे दुसरं प्रमाण अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये अधिकृत व्हायला १९८४ साल उजाडलं. आणि २००२ मध्ये ऑकलंडच्या एका गरीब संघानं याच आकड्याच्या जोरावर सलग वीस सामने जिंकले. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, पण जे कसेही करून बेसवर पोचत होते, असे खेळाडू त्यांनी स्वस्तात घेतले. त्यावर मनीबॉल नावाचं पुस्तक आलं, सिनेमा आला. जवळपास शंभर वर्षं जगाला जे फुकट वाटत होतं, तीच खरी कमाई निघाली. सरांना हे २००३ मध्ये फोनवर माहीत होतं.

आता थोडं आपल्या अमरावतीचं. कारण "बेसबॉलचा आणि आपला काय संबंध?" हे मी रोज ऐकतो.

१२ ऑगस्ट १९३६. बर्लिनचं ऑलिंपिक स्टेडियम. अमेरिकेच्या हौशी खेळाडूंचे दोन संघ प्रात्यक्षिक म्हणून बेसबॉलचा सामना खेळले. सात डावांचा सामना, निकाल ६-५. प्रेक्षक लाखभराच्या आसपास. त्यातल्या बहुतेकांना आमच्या बाबूसारखंच काही कळत नसणार, की हा माणूस बॉल न मारता पुढे कसा चालला! तीनच दिवसांनी ध्यानचंदच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ नं हरवलं, ते आपल्याला पाठ आहे.

पण त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीचं पथकही होतं. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेला आपला हनुमान आखाडा, जिथे हुतात्मा राजगुरूही व्यायामाचे धडे घेऊन गेले. या पथकानं बर्लिनमध्ये हुतूतूसह आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार करून दाखवले. म्हणजे एकाच वर्षी एकाच गावात जगापुढे दोन खेळ आपली ओळख करून देत होते. एक ब्रुकलिन-न्यूयॉर्ककडचा, एक वऱ्हाड-महाराष्ट्राचा. आणि दोन्हींचा गाभा एकच: शत्रूच्या मुलखात जायचं आणि सुखरूप घरी परतायचं.

हुतूतूत चढाई करणारा दम धरून पलीकडे जातो, गडी टिपतो आणि मध्यरेषेला परत शिवला तरच ते बाद. रेषेच्या अलीकडे दम तुटला की सगळं पाण्यात. आट्यापाट्यात एकेक पाटी ओलांडत शेवटापर्यंत जायचं आणि तिथून लोण घेऊन परत यायचं. चळवळीचं लोण गावागावात पोचलं असं आपण सहज लिहितो, पेपरात तर रोजच. हा शब्द आपल्या मैदानातलाच. कबड्डीत आजही समोरचा सगळा संघ बाद केला की लोण चढतो आणि दोन गुण जास्तीचे मिळतात.

या खेळांनाही एकसारखे नियम नव्हते. कुठे संजीवनी, म्हणजे बाद झालेला परत जिवंत. कुठे गामिनी, म्हणजे बाद झाला तो गेलाच. कुठे अमर, म्हणजे बाद झाला तरी मैदानातच राहायचं, फक्त गुण मोजायचे. गाव बदललं की नियम बदलला, आणि मग हमरीतुमरी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं १९२३ मध्ये हुतूतूच्या स्पर्धा भरवल्या. आज प्रो-कबड्डीत करोडोची बोली लागते, त्याच्या बुडाशी असे कागदावर उतरवलेले नियम आहेत. खेळ अंगात असून भागत नाही, तो कागदावर यावा लागतो. निकरबॉकरवाल्यांनी तेच केलं, आपल्या लोकांनीही तेच केलं.

फरक पडला तो पुढे. त्यांनी नियमांबरोबर प्रत्येक खेळाडूची नोंद ठेवली. आपण निकाल ठेवला आणि माणसं विसरलो.

ती नोंद सुरू करणारा माणूस कोण होता माहितीय? पत्रकार. हेन्री चॅडविक. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मला, लहानपणी ब्रुकलिनला गेला, क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. मग बेसबॉलच्या प्रेमात पडला. क्रिकेटच्या धावफलकावरून त्यानं बेसबॉलचा तक्ता तयार केला. प्रत्येक खेळाडूचं नाव, किती रन, किती हिट, कोणी किती चुका केल्या. एका तक्त्यात अख्खा सामना. घरी बसून पेपर वाचणाऱ्याला समजावं, की कोण कसा पोचला. बॉल न मारता बाद होणाऱ्यासाठी त्यानं इंग्रजी के हे अक्षर वापरलं, ते आजही चालतं. त्याचा एक हट्ट मात्र चुकला. चार बॉलवर मिळालेल्या बेसला तो पिचरची चूक मानायचा, बॅटरचं कौतुक नाही. थोडक्यात, २००३ मधला मी! तरीही १९३८ मध्ये बेसबॉलच्या मानाच्या दालनात त्याला जागा मिळाली. न खेळता, नुसता लिहून. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेत हिट की चूक हे ठरवणारा अधिकृत नोंदकार म्हणजे स्थानिक पेपरचा बातमीदारच असायचा.

या नोंदीचं मोल काय, ते एका सामन्यावरून सांगतो. १५ एप्रिल १९४७. ब्रुकलिनच्या संघाकडून जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. काळ्या माणसाला मोठ्या लीगचे दरवाजे कित्येक दशकं बंद होते, तो त्या दिवशी आत आला. त्याची हिट? शून्य. सातव्या डावात त्यानं बॉल हळूच ढकलला आणि पळाला. बोस्टनच्या खेळाडूनं घाईत केलेली फेक रॉबिन्सनच्या पाठीला लागून लांब गेली. वहीत लिहिलं गेलं: चूक. रॉबिन्सन बेसवर, आणि थोड्याच वेळात होमला. त्याच रननं ब्रुकलिननं आघाडी घेतली आणि सामना ५-३ नं जिंकला. अमेरिकेच्या इतिहासातला एवढा मोठा दिवस, आणि नायकाच्या नावापुढे हिटच्या रकान्यात भोपळा. पण तो कसा पोचला, हे आज आपण इथे वऱ्हाडात बसून सांगू शकतो. कारण कोणीतरी त्या दिवशी लिहून ठेवलं.

आपल्याकडे पळवणकर बाळू झाले. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांना बॉल टाकत मोठा झाला. जिमखान्यावर चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा, पण १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ हरत असताना शंभरावर विकेट त्यांनीच काढल्या. त्या विकेट नोंदल्या गेल्या म्हणूनच बाळू पुसले गेले नाहीत. ज्याच्यामागे घराणं नाही, ओळख नाही, पैसा नाही, त्याच्यासाठी नोंद हीच वकील असते.

म्हणून म्हणतो, आमच्या गल्लीतल्या पोरीचा प्रश्न एकट्या तिचा नाही. आपल्या अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांत सॉफ्टबॉल, बेसबॉल, आट्यापाट्या, खो-खो खेळणारी पोरं कोणाची असतात? शेतमजुराची, हमालाची, अंगणवाडीताईची. क्रिकेटचं किट परवडत नाही म्हणून सरांनी जो खेळ हातात दिला तो खेळतात. फक्की मारलेल्या मैदानावर, चार पोरांत एक ग्लोव्ह. त्यांना कोट्यातून नोकरी लागली की शहाणी माणसं कुजबुजतात, "बेसबॉलवर नोकरी? काहीतरी गडबड असंल."

गडबड झाली, हे खरं. मैदानाची पायरी न चढलेल्यांनी प्रमाणपत्रं मिळवली. बेसबॉलच्या भाषेत सांगायचं तर हे लोक दुसऱ्याच्या चुकीवरसुद्धा पोचले नाहीत. ते मैदानाबाहेरून येऊन थेट तिसऱ्या बेसवर उभे राहिले. त्यांना हुडकायलाच हवं, पडताळणी व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण नोंद ठेवायचं काम ज्यांचं, त्यांनी ती ठेवली नाही आणि शिक्षा पळणाऱ्या पोरीला, हा कुठला न्याय?

हाताला मोबाईल आहे, तर उपाय सोपा आहे. प्रत्येक शालेय स्पर्धेची गुणपत्रिका त्याच संध्याकाळी फोटो काढून सरकारी संकेतस्थळावर चढवा. खेळाडूंची नावं, पंचांची सही, तारीख. तालुक्यापासून राज्यापर्यंत. अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून आपण गिनीज बुकात गेलो. तिथे मिनिटं मोजली. इथे सोळा नावं लिहून ठेवता येत नाहीत?

१६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची सभा भरली होती. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेतल्याचा जल्लोष आपण केला. त्याच ठरावात बेसबॉल आणि सॉफ्टबॉल परत घेतले गेले, याची बातमी आपल्याकडे दोन ओळींतही धड आली नाही. म्हणजे मी एकटाच नाही, आमची सगळी जमात तशीच.

पत्रकार मित्रांनो, विशेषतः तालुक्यातल्या, ही पोस्ट तुमच्यासाठी जास्त आहे. सत्काराची बातमी लावा, मान्यवरांची नावं लावा, जाहिरात त्यांच्याकडूनच येते हे मलाही माहीत आहे. पण खाली एक चौकट टाका. खेळाडूंची नावं, आणि कोणी काय केलं. आठ-दहा वर्षांनी कोणाची तरी भाकरी त्या चौकटीवर असेल. मी परवापासून सुरू केलंय. पहिल्याच दिवशी डेस्कवरून विचारणा झाली, "एवढी नावं कशाला?" म्हटलं, असू द्या.

त्या दिवशी मूर्तिजापूरहून निघताना मी सरांना म्हटलं, "सर, तुम्ही एवढं कसं लिहून ठेवलं?" सर म्हणाले, "तुम्ही लिहीन ना म्हून म्याच लिहिलं बापा."

वहीची साक्षांकित प्रत कार्यालयात दिली आहे. सोबत दोन पानांचं टिपण जोडलंय, बॉल न मारता बेसवर पोचण्याचे रस्ते कोणते, ते मराठीत लिहून. बाबूनं दोन्ही ठेवून घेतलं आणि पोच दिली. निर्णय अजून आलेला नाही. पोरगी रोज पहाटे पळायला जाते. शारीरिक चाचणी पुढे आहे म्हणते.

आला की कळवतो.